हळदीच्या सुताची रेघ

ती रेघ मी पुसली. कुणी सांगितलं म्हणून नाही आणि चुकूनही नाही. मला ती दिसत होती, ती कुणाची आहे हे ठाऊक होतं, आणि तरी टोकदार पेन्सिल घेऊन मी ती सहा निगेटिव्हांवरून एकामागून एक बुजवली. माझा धंदा फोटो काढण्याचा. या धंद्यात माणसांचे डाग पुसणं हा गुन्हा नाही, ते रोजचं काम आहे. पण मी जे पुसलं तो डाग नव्हता. हे आधी लिहून टाकतो. नाही तर त्या हिवाळ्याबद्दल लिहिताना मला इतकं बरं वाटू लागेल, की मूळ गोष्ट सांगायची राहूनच जाईल.

कारण तो हिवाळा फार चांगला होता.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल आम्ही साऱ्या जगाकडे तक्रार करतो आणि हिवाळ्याबद्दल गप्प बसतो. बाहेर कळलं तर कुणी उचलून नेईल अशी भीती असल्यासारखे. दिवाळी उलटली की इथलं ऊन डोक्यावर मारायचं सोडतं आणि बाजूला येऊन बसतं. हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग लागतात. ओट्याओट्यावर माणसं पाठ उन्हाला देऊन संत्री सोलतात, आणि सालीच्या त्या तिखट, बारीक फवाऱ्यानं गल्लीच्या गल्ली घमघमते. परवा महालातून जाताना तो वास आला आणि मी सायकलवरून उतरलो. उतरायचं काही कारण नव्हतं. एका भिंतीवर तिरपं ऊन पडलं होतं, चुन्याच्या भिंतीचा प्रत्येक खडबडीत कण उठून दिसत होता, आणि मला वाटलं, आता इथं विणकराघरच्या सगुणाबाईंना उभं करावं.

तिरप्या उन्हाचं महत्त्व मला त्यांनीच शिकवलं. तोवर मी उजेडाकडे फक्त माणसाच्या चेहऱ्यासाठी पाहत होतो. कापडालाही चेहरा असतो, हे मला माहीत नव्हतं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी होतं. महालात एका पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ होता. उत्तरेकडे काचेचं उतरतं छप्पर, उरलेल्या भागावर गच्ची. लग्नाच्या मुलींचे फोटो, नोकरीच्या अर्जाचे फोटो, दोन्ही बाजूंना दोन कुंड्या ठेवून कुटुंबांचे फोटो. देवीचे व्रण, काळे डाग, डोळ्यांखालची वर्तुळं मी निगेटिव्हवर पेन्सिलीनं इतकी हलकेच नाहीशी करायचो, की मुलीची आईसुद्धा म्हणायची, हुबेहूब आली हो आमची पोर. त्या कौतुकावर मी जगत होतो.

एक दिवस इतवारीतले लुगड्यांचे एक मोठे व्यापारी स्टुडिओत आले. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही तेच म्हणतो. गिरण्यांच्या गुळगुळीत पातळांनी बाजार भरला होता आणि हातमागाची रेशीमकाठी लुगडी मागं पडत होती. परगावच्या दुकानदारांना पाठवायला शेठना फोटोंचा आल्बम हवा होता.

"फोटो असा पाहिजे," ते म्हणाले, "का पाहनाऱ्यानं कागदाले हात लावून पाहिला पाहिजे. समजलं ना? बाई कशी आहे ते कोनी पुसू नये. लुगडं कुठं भेटते तेच पुसावं."

फॅशन हा शब्द तेव्हा आमच्याकडे शिवीसारखा वापरत. पण मला त्या कामानं झोप येईना. कापड नेसवायचं, मांडायचं, उजेडात फिरवायचं, कुणी न केलेलं काही करायचं! अडचण एकच होती, नेसणार कोण. बायकोला विचारलं.

"मी लुगडं नेसून उभी राहू, आणि तो फोटो अख्ख्या मुलखात फिरणार?" ती म्हणाली. "आधी तुमच्या आईला विचारा. मी पाणी आणून ठेवते, त्यांना चक्कर येईल."

आईला विचारलं नाही. शेठनीच तोड काढली. त्यांच्याकडे सगळ्यात उत्तम लुगडी उमरेडच्या विणकर नत्थूजींची येत. तेच आपल्या बायकोला घेऊन येतील, ती नेसून दाखवेल, मग लाकडी पुतळ्याला तसं नेसवून फोटो काढा, असं ठरलं. इतवारी स्टेशनावर छोट्या रुळांच्या गाडीतून उतरून दोघं सायकल-रिक्षानं आले. नत्थूजी उंच, वाळलेले, बोलायला मोकळे. त्यांची बायको सगुणाबाई पस्तिशीच्या, ठेंगण्या, कपाळावर गोंदण. जिना चढून आल्या आणि माझ्या रंगवलेल्या पडद्यापुढं थबकल्या. त्यावर विलायती महाल होता, तळं होतं आणि तळ्यात दोन हंस.

"हे बदकं काहून पोहून राहिले इथं?" त्यांनी विचारलं.

"हंस आहेत ते," मी म्हणालो.

"असतीन. लोकायनं लुगडं पाहाचं का बदकं?"

तो पडदा मी दुसऱ्या दिवशी उतरवला. उतरवताना वाईट वाटलं, कारण मुंबईच्या पेंटरकडून हौसेनं करवून घेतला होता. त्याच्या मागची चुन्याची ओबडधोबड भिंत मात्र लुगड्यामागं अशी शोभली, की मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

लाकडी पुतळाही दोन दिवसांत हरला. त्याला नेसवलेलं लुगडं दुकानात टांगल्यासारखं दिसायचं. सगुणाबाई त्याच्याभोवती फिरून म्हणाल्या, "याच्यात जीव नाई तं लुगड्यात कुठून येईन?" मग नवऱ्याकडं पाहिलं. नत्थूजी स्टुलावर बसून संत्रं सोलत होते. दोघांचं डोळ्यांतच काही बोलणं झालं.

"नेसतो म्हनते ते," नत्थूजी बायकोकडं मान करून मला म्हणाले. "पन तोंड नाई दिसलं पाहिजे. आमच्या उमरेडात लोकं नावं ठेवतीन."

"तोंड दिसू देऊ नका भाऊ," त्या म्हणाल्या, "बाकी जसं काढाचं तसं काढा."

म्हणून त्या आल्बमात एकही चेहरा नाही. पाठमोरी बाई आहे, खांद्यापासून खालची बाई आहे, खांद्यावरून पाठीवर पडलेला पदर आहे. लोक पुढं त्याला माझी शैली म्हणाले. मी ते म्हणू दिलं.

पंधरा-वीस दिवस ते दोघं येत राहिले. महालातच त्यांच्या नातेवाइकांकडे उतरले होते. सकाळी नऊच्या सुमाराला गच्चीवर ऊन यायचं. त्याआधी सगुणाबाई लुगड्याची तयारी करत. साबुदाण्याची पातळ खळ करून काठाला बोटानं लावायच्या, फक्त काठाला. निऱ्या घालून त्यावर जाड वह्या ठेवून स्वतः बसायच्या आणि तिथूनच मला हुकूम सोडायच्या. पदर वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या आतल्या घडीत चार चिंचोके टाचायच्या. पदर असा सरळ पडायचा, जणू त्याला वळण लागलं आहे. मी विचारलं, हे कुठं शिकलात? "शिकाचं काय त्यात? बाजारात दाखवाले नेतो तवा असंच करा लागते." फोटोसाठी कापड सजवणं हे नवं शास्त्र आहे, असं मी समजत होतो. ते त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं होतं.

उभं राहून फोटो काढायचा माझा हट्टही त्यांनीच मोडला. "बाई लुगडं नेसून खांबावानी उभी राहाते काय? चालते, वाकते, पानी आनते." मग आम्ही त्यांना वाकताना टिपलं, जिन्याची पायरी उतरताना टिपलं, गच्चीच्या कठड्याला टेकून केस वाळवताना टिपलं. मी काळ्या कापडाखाली डोकं घालून ओरडायचो, "थांबा! श्वास धरा!" आणि कॅमेऱ्याच्या काचेवर ती उलटी आकृती, डोकं खाली पाय वर, अगदी निश्चल व्हायची. तशी निश्चल उभी राहणारी व्यक्ती मी पुढं पाहिली नाही.

"नीट राय ना वं," नत्थूजी मधूनच म्हणत. "फोटूत तू नाईस, माहं लुगडं आहे, ध्यानात ठेव."

"लुगडं तं खुटीवर बी टांगता येते. टांगा ना मंग!"

"पाहा भाऊ, पाहा. घरी बी असंच आहे."

त्या हसायच्या आणि पदर हलायचा आणि माझी फिल्म वाया जायची. फिल्म महाग होती. मला एकदाही राग आला नाही, हे आज आठवून आश्चर्य वाटतं. मी एरवी तापट माणूस.

पिवळं सूत मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. पदराच्या अगदी शेवटी दोन बोटं कोरी, दुधाळ पट्टी असायची, आणि त्या पट्टीत आडवी एक पिवळी रेघ. केसाएवढी बारीक. मला वाटलं, विणताना चूक झाली. नखानं दाखवून विचारलं, "हे काय, सूत चुकलं का?"

"चुकलं नाई भाऊ. ते माहं आहे."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. मागावर बसून विणतात ते नत्थूजी. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून देणं हे त्यांचं काम. दिवसभर रहाट फिरवून त्या कांड्या भरतात. प्रत्येक लुगड्याची शेवटची कांडी त्या हळदीत रंगवलेल्या सुताची भरतात. तिच्या दोन खेपा झाल्या की लुगडं पुरं झालं, मगच मागावरून कापायचं. त्यांची सासू तसं करत असे, तिची सासूही.

"पण कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? स्वयंपाक झाला का चूल सारवत नाई का बाया? काम पुरं झालं, म्हनून." आणि मग नवऱ्याकडं पाहून, थोड्या लाजून म्हणाल्या, "बाकी लुगडं तं ह्यायचंच म्हनतात सारे. तेवढी रेघ माही."

हे मी ऐकलं होतं. दोन हातांच्या अंतरावर उभं राहून, त्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

त्या वेळी आम्ही वापरायचो त्या स्वस्त फिल्मला लाल आणि दाट पिवळा रंग काळा दिसे. निगेटिव्ह धुऊन झाली, छापील फोटो समोर आले, आणि पदराचं टोक आलेल्या सहाही फोटोंत ती पिवळी रेघ पांढऱ्या पट्टीवर काळीभोर उमटलेली. काठाचं रेशीम झळाळत होतं, निऱ्या पडल्या होत्या जशा नदीच्या वाळूत लाटा पडतात, आणि खाली एक काळा ओरखडा. खिडकीपाशी रिटचिंगची, म्हणजे डाग बुजवण्याची, उतरती फळी होती. तिच्यावर निगेटिव्ह ठेवली. छापात काळी येणारी रेघ निगेटिव्हवर पारदर्शक असते; ती पेन्सिलीनं भरली की छापातून नाहीशी होते. मला फक्त हे दिसत होतं, की एवढ्या सुंदर चित्रात एकच खोट आहे आणि ती काढायला माझा हात समर्थ आहे. वर्षानुवर्षं मुलींच्या गालांवरून फिरलेला हात. एका निगेटिव्हला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. चौथी करताना सगुणाबाईंचं वाक्य आठवलं. हे मी खरं लिहितो आहे. आठवलं, आणि मी पाचवी घेतली.

आल्बमचं कौतुक झालं. इतरही व्यापारी येऊ लागले. दोन वर्षांत मी रामदासपेठेत मोठी जागा घेतली, विजेचे दिवे घेतले. पण त्याआधी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, नत्थूजी एकटे आले. खांद्यावर गाठोडं. त्यात आठ लुगडी होती, परत आलेली. परगावच्या दुकानदारानं फोटोशी माल ताडून पाहिला होता. फोटोतला पदर स्वच्छ, आलेल्या पदरावर रेघ. माल डागी, असं लिहून त्यानं सगळी लुगडी शेठकडे परत पाठवली होती.

"शेठनं आल्बम दाखवला मले," नत्थूजी म्हणाले. "खरंच नाई त्याच्यात रेघ. काहून नाई गा भाऊ? तुम्ही तं हेच लुगडे काढले होते. शेठ म्हनते, तू मंग डागी माल देऊन राहिला. वीस वर्षांत असं कोनी बोललं नाई मले. तुम्ही फक्त सांगा शेठले, का रेघ तवाबी होती. घरची निशानी आहे म्हना. तुमचं ऐकते तो."

एक वाक्य. तेवढंच त्यांना हवं होतं. ते बोललो असतो तर शेठना कळलं असतं की मी फोटोत हात घालतो; आणि व्यापाऱ्यांचा माझ्यावर विश्वास होता तो फोटो खरा असतो म्हणूनच. मी कपाटातली कुठली तरी बाटली शोधल्यासारखं केलं. मग वळून म्हणालो, "नत्थूजी, कॅमेऱ्याला पिवळं दिसत नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास आला असता तर मी कदाचित सावरलो असतो. पण त्यांचा चेहरा उजळला.

"असं का! म्हंजे यंत्राचंच तसं आहे. बाप्पा, मी उगाच तुमच्यावर... जाऊ द्या भाऊ, तुमचा काय दोष त्यात." आणि वर मलाच धीर दिला, "तुम्ही मनाले लावून नोका घेऊ."

शेठनी त्यांना सांगितलं, रेघ सोडा नाही तर माल आणू नका. त्यांनी रेघ सोडली. ती सुटल्याचं मी ऐकलं आणि कामाला लागलो.

अपराधाची एक गंमत असते. तो मोठ्या गोष्टींत लपतो आणि बारीक गोष्टींत बोटाला लागतो. पुढं शेकडो लुगडी, शालू, पातळं मी मांडली. प्रत्येक वेळी, काही कारण नसताना, पदराचं शेवटचं टोक बोटांनी चाचपायचो. बायकोनं एकदा विचारलंही, काय शोधता हो? मी म्हणालो, सवय. काही दिवसांनी ती म्हणाली, "तुम्ही कुणाचं तरी काही देणं लागता. माझं नव्हे, पण कुणाचं तरी." मी जेवत होतो. जेवत राहिलो.

या हिवाळ्यात शेठनी पुन्हा काम दिलं. आता फिल्म नवी आहे, कॅमेरा नवा आहे, फोटोसाठी उभ्या राहायला मुली मिळतात. माल आला, त्यात उमरेडची लुगडी होती. घडी उलगडली. काठ पाहताच हात ओळखला, नत्थूजींचाच. पदराचं टोक घेतलं. दुधाळ कोरी पट्टी, आणि तीवर काही नाही. इतकं स्वच्छ, इतकं निर्दोष, की मी जे पेन्सिलीनं केलं होतं तेच आता मागावर विणलं जात होतं. मी ते लुगडं मांडलं नाही. इतवारीत गेलो, शेठच्या गादीवर बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पुढ्यातली वही मिटली. "आता सांगून राहिले तुम्ही?" एवढंच म्हणाले. काम काढून घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

उमरेडला निघताना मनात आलं, जुनी निगेटिव्ह धुवावी, पेन्सिल पुसली जाते, रेघ असलेला फोटो मोठा छापून, चौकटीत बसवून न्यावा. कागदसुद्धा काढला. मग ठेवून दिला. आयुष्यभर मी गोष्टी मांडून, सजवून दाखवत आलो. माफी तरी सजवायची नाही, असं ठरवलं आणि रिकाम्या हातानं छोट्या गाडीत बसलो.

सगुणाबाई अंगणात उन्हात रहाट घेऊन बसल्या होत्या. केस पिकले आहेत. मला पाहून पटकन उठल्या, "अव माय, फोटूवाले भाऊ!" आणि आत हाक दिली, "ऐकलं का? कोन आलं पाहा!" मागाचा खटखटाट थांबला. नत्थूजी बाहेर आले, अधिक वाळलेले. बाजेवर बसवलं, संत्री पुढं ठेवली, चहा टाकला. मला बोलू देईनात. माझी पोरं कितवीत आहेत, महालातला स्टुडिओ काहून सोडला, बदकांच्या पडद्याचं काय झालं.

मग सगुणाबाईंनी कांडी खाली ठेवली आणि जपून, जसं कुणी डॉक्टरला आपलं जुनं दुखणं विचारतं तसं, विचारलं, "भाऊ, आता नवे कॅमेरे आले म्हनतात. त्यायले पिवळं दिसते का?"

मी हातातलं संत्रं खाली ठेवलं. त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही.

"नाई, तवा तुमच्या कॅमेऱ्याले नाई दिसलं ना. हे म्हनत, यंत्राचा दोष आहे. पन मले वाटे, माहाच रंग कच्चा. सासूच्या हातचा रंग कसा घट्ट राहे. मंग म्या साल दोन साल लय करून पाह्यलं. हळद वाढवली, तुरटी घातली, दोन-दोनदा उकळलं. लुगड्यात तं टाकाचं नव्हतं आता. उगाच आपलं, घरी सूत रंगवून पाहो. काही केल्या मनासारखा नाई उतरला. मंग सोडून देल्लं."

नत्थूजी जमिनीकडे पाहत होते. मी बाजेवरून उठलो. का उठलो ते माहीत नाही. बसून बोलणं जमेना.

"सगुणाबाई," मी म्हणालो, "रंग कच्चा नव्हता. कॅमेऱ्याला तुमची रेघ दिसली होती. सगळ्या फोटोत सगळ्यांत ठळक तीच आली होती. मी ती पेन्सिलीनं बुजवली. तुम्ही मला ती कोणाची आहे ते सांगितल्यानंतर बुजवली. आणि नत्थूजी, तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोललो, माझं नाव जाऊ नये म्हणून. तुमचा माल डागी नव्हता. शेठना मी हे सांगून आलो आहे. पण ते आठ वर्षांनी सांगितलं, आणि तोवर तुम्ही आपल्या हाताला दोष देत बसलात. त्याची भरपाई माझ्याकडे नाही. मी चुकलो. तुम्ही दोघांनी मला माफ करावं, असं म्हणायचाही मला हक्क आहे की नाही, ठाऊक नाही. तरी मागतो."